‘हात’ नावाचा रकाना

४ सप्टेंबर

आत्या,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. मळणीयंत्राच्या घरघरीने तुझे कान नेले, पण डोळे शाबूत आहेत. तेव्हा चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

तुझ्या गहू केंद्रात मी लागले त्याला आठ महिने झाले. तू एकतीस वर्षं काढलीस त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, खिडकीशी माझं टेबल आहे. काम काय ते सांगते. तुझी एकशे चौऱ्याऐंशी भावंडं आठवतात ना? एक उंच जुना गहू आणि एक बुटका, भरघोस दाण्यांचा गहू, या दोघांच्या संकरातून झालेली? सात वर्षं एकेक ओंबी वेगळी काढून तूच ती वाढवलीस. ती अजून आहेत. आता आम्ही त्या प्रत्येकाच्या पानातून डीएनए काढून चार हजार ठिकाणच्या खुणा तपासल्या. कुठल्या खुणेपाशी कुणाला आईचा तुकडा आलाय आणि कुणाला बापाचा, ते त्यातून कळतं. मग आईचा तुकडा असलेली भावंडं एका ढिगात, बापाचा असलेली दुसऱ्या ढिगात. दोन्ही ढिगांच्या उंचीत फरक नसला तर त्या खुणेचा उंचीशी संबंध नाही. भरपूर फरक असला तर आलेखातली रेघ तिथे डोंगरासारखी वर चढते. असा गव्हाचा नकाशा तयार होतो. उंची इथे, ओंबी लवकर येणं तिथे, दाण्याचं वजन पार पलीकडे.

एकच गुण हाती लागत नाही. वाऱ्यापावसात काही गहू लोळतो आणि काही उभा राहतो, तो कशाने? काडी वाकवून जोर मोजायचं यंत्र आहे. त्याचे तीन वर्षांचे आकडे आहेत. त्यावरून काढलेला आलेख इस्त्री केल्यासारखा सपाट येतो.

तर गेल्या महिन्यात भांडाराच्या माळ्यावर, फुटक्या चाळण्यांच्या मागे, मला तीन हिरव्या वह्या सापडल्या. तुझं अक्षर मी झोपेतही ओळखीन. वाफ्याचा नंबर, उंची, ओंबी बाहेर पडल्याचा दिवस, आणि शेवटी एक रकाना. त्यावर नुसतं ‘हात’ लिहिलंय आणि खाली एक ते नऊ आकडे. हे काय असेल ते मला कळेना. पण दोन रविवार घालवून मी तीन वर्षांचे सगळे आकडे संगणकात भरले. एकशे चौऱ्याऐंशी भावंडं, प्रत्येकाचे दोन वाफे, तीन वर्षं. अकराशे चार आकडे. आत्या, गव्हाच्या एकवीस गुणसूत्रांपैकी एकाच्या टोकाशी रेघ अशी काही उठली, की मी खुर्चीवरून उठले!

हा ‘हात’ म्हणजे काय गं? कसं मोजायचीस? तिसऱ्या वहीचं शेवटचं पान तेवढं गचाळ आहे, अक्षरं डावीकडे कललेली. घाईत होतीस वाटतं.

लगेच लिही.

तुझी ठिणगी

१३ सप्टेंबर

ठिणगे,

तुला कुणी पाठवलंय ते आधी सांग. त्या कंगवेसाहेबाने? अजून खिशात कंगवा ठेवतो का तो? केस राहिलेत का?

वह्या जाळून टाक. माळ्यावर चढायला तुला कुणी सांगितलं होतं? मी गुडघे दुखतात म्हणून आपणहून भांडारात बसले आणि वय झालं म्हणून घरी आले. एवढीच गोष्ट आहे. तिच्यात कसला आलेख नाही.

दादाला म्हणावं, औषध वेळेवर घे. तू जेवत जा.

आत्या

२३ सप्टेंबर

आत्या,

मला कुणी पाठवलेलं नाही. तुझं पत्र वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. दोन दिवस मी रागावून बसले, आणि तिसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन तुझी जुनी फाइल मागितली. कारकुनाने नाक मुरडलं, पण दिली.

त्यात एक कागद आहे. तुला पाठ असेल, तरी लिहिते. “सदर कर्मचाऱ्याने ‘हात’ या रकान्यातील आकडे मनाने भरल्याचे दिसून आले. विचारणा केली असता कर्मचारी निरुत्तर राहिली. सबब सर्व आकडे बाद करण्यात येत असून तिची बदली बियाणे भांडारात करण्यात येत आहे.” खाली सही तेव्हाच्या यंत्र अधिकाऱ्याची. तोच आता आमचा विभागप्रमुख. तुझा कंगवेसाहेब. केस राहिलेत थोडे. कंगवा तोच असावा.

म्हणजे तू आपणहून भांडारात बसली नव्हतीस. सहा वर्षं तुला तिथे पोती मोजायला बसवलं आणि तू घरात सगळ्यांना गुडघे सांगितलेस! बाबांनी तर तुला मालिशचं तेल आणून दिलं होतं.

मी तशीच त्यांच्या खोलीत गेले आणि आलेख टेबलावर ठेवला. त्यांनी पाहिला. मला वाटतं, क्षणभर त्यांनाही धक्का बसला. मग म्हणाले, “कुठले आकडे हे?”

मी सांगितलं.

“सातवी शिकलेल्या बाईच्या तळहातावर शास्त्र चालत नाही. आणि ती तुमची आत्या आहे. लोक म्हणतील, नात्यागोत्याचं संशोधन.”

“मनाने भरलेल्या आकड्यांतून असा डोंगर उभा राहतो का, सर?”

“योगायोगाने काहीही उभं राहतं.”

“मग पुन्हा करून पाहू. तीच भावंडं पेरू. नंबर बदलून. कुठल्या वाफ्यात कोण आहे ते ना मला माहीत, ना आत्याला. पेरणीची यादी फक्त प्रयोगशाळेतल्या बाईंकडे, बंद पाकिटात.”

ते हसले. म्हणाले, नाल्याकडचा कोपरा रिकामा आहे, पेरा, तुमची हौस फिटू दे.

आत्या, नोव्हेंबरात पेरते. फेब्रुवारी महिन्यात तू यायचंस आणि हात दाखवायचास. चांगला दाखवायचास.

ठिणगी

५ ऑक्टोबर

ठिणगे,

तू माझी फाइल काढलीस ते मला आवडलेलं नाही. पण काढलीसच, तर ऐक.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी वादळात सगळं शेत लोळलं. आम्ही बायका लोळलेल्या पिकातून तण काढत होतो. साहेब लोक बांधावरून म्हणत होते, काडी कमकुवत आहे, काडी मोडली. मी वाकून पाहिलं. एकही काडी मोडलेली नव्हती. अख्खा ठोंब मुळापासून कलला होता, ढिला खांब कलतो तसा. मी तसं म्हणाले. कुणी मान वर केली नाही. तेव्हापासून मी हाताने बघायला लागले.

बुंध्यापासून वीतभर वर तळहात टेकायचा. बोटं लावायची नाहीत, बोटं लाडावलेली असतात. हळू ढकलायचं आणि सोडायचं. काडीकडे लक्ष द्यायचं नाही, ती सगळ्यांचीच वाकते. मातीकडे द्यायचं. ढकलल्यावर मुळाशी माती हलते का, सोडल्यावर ठोंब लगेच परत येतो की आळशासारखा तिथेच रेंगाळतो, हे तळहाताला समजतं. जो लगेच आडवा होतो त्याला एक. ज्याला ढकलताना आपलाच पाय मागे सरकतो त्याला नऊ. तुमचं यंत्र एक काडी धरून मध्यावर वाकवतं. त्याला मुळाचं काय कळणार? माणसाचा दंड दाबून तो पायावर किती घट्ट उभा आहे ते कळतं का?

हे मी त्या कंगव्याला दहा वेळा सांगितलं. अकराव्या वेळी त्याने माझी बदली केली.

आता तुझी परीक्षा. मी देणार नाही. पंचवीस वर्षं शेतात रोज दिली. आता सदुसष्टाव्या वर्षी त्या माणसासमोर पुन्हा उभी राहू? कशासाठी? त्याने मान डोलवावी म्हणून? त्याची मान मला नको.

तू पेर मात्र. गहू पेरायला कुणाची बंदी नाही. तू शिकलेली आहेस, हात तुझाही आहे, तूच बघ ढकलून.

एक सांगते. तिसरी वही वापरू नकोस. का ते विचारू नकोस.

आत्या

२६ नोव्हेंबर

आत्या,

पेरलं. तीनशे अडुसष्ट वाफे. नाल्याकडचा कोपरा म्हणजे नुसती चिकण आणि दगड. दोन दिवस मी आणि प्रयोगशाळेतल्या बाई दगड वेचत होतो. त्या फार बोलत नाहीत. यादीचं पाकीट त्यांनी लाखेने बंद करून स्वतःच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. म्हणाल्या, “आता मला मारल्याशिवाय कुणाला कळायचं नाही.”

बाकी सगळं ठीक आहे. सर काही म्हणत नाहीत. कसली अट वगैरे नाही.

मी माझ्या हाताने पलीकडच्या शेतातल्या ज्वारीच्या ठोंबांवर सराव करतेय. मला सगळेच पाच वाटतात.

तू येशील अशी आशा सोडलेली नाही.

ठिणगी

१८ जानेवारी

ठिणगे,

“कसली अट वगैरे नाही” असं न विचारता लिहिलंस तेव्हाच मला वास आला. दादाला पत्र टाकलं. तो बिचारा खोटं बोलू शकत नाही. परीक्षेत हात चुकला तर तू राजीनामा द्यायचा आणि वह्या रद्दीत घालायच्या, असा कागद लिहून दिलायस म्हणे! सहीसकट! आणि माझ्यापासून लपवलंस. कुणाच्या वळणावर गेलीस ते सांगायला नको.

तुला वाटलं, मला कळलं तर मी दबावाखाली येऊन होकार देईन. म्हणून नाही सांगितलंस. हो ना? मूर्ख आहेस. माझी गेली तर माझी नोकरी होती. तुझी घालवायला तो कोण?

मी येते. त्याच्या मानेसाठी नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात येईन, ओंब्या भरल्या की. आधी नको, ठोंबाला वजन नसतं. वाफ्यात यायच्या दोन दिवस आधी पाणी देऊन ठेवा, सगळीकडे सारखं, नाहीतर माती खोटं सांगेल. आणि मला बसायला एक स्टूल हवं. एवढंच.

तिसऱ्या वहीचं सांगितलं ते ध्यानात ठेव.

आत्या

२ एप्रिल

आत्या,

तू तीन दिवस वाकून तीनशे अडुसष्ट वाफे ढकललेस, स्टुलावर चार वेळाही बसली नाहीस, आणि निकाल न विचारता गाडीत बसून निघून गेलीस. आता निकाल सांगते. पण त्याआधी तुझ्या पाठीमागे काय बोललं जात होतं ते लिहिते, कारण तुला ते ऐकू आलं नाही आणि मी तेव्हा सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी सर बांधावर उभे होते. सोबत नवे दोन संशोधक. एक म्हणाला, “आजीबाई गव्हाला आशीर्वाद देतायत की काय?” सगळे हसले. तू तेव्हा “सात” म्हणालीस आणि पुढे सरकलीस. मी वहीत सात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सर एकटेच आले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी एका वाफ्यापाशी, जिथे तू नुकतेच दोन दिले होतेस, वाकून स्वतः तळहात टेकला. ढकलला. शेजारच्या आठवाल्याला ढकलला. मग पँटला माती पुसली आणि निघून गेले. तू वळून पाहिलं नाहीस.

तू गेल्यावर अकराव्या दिवशी वादळ आलं. आधी पाऊस, मग आडवा वारा. सकाळी धावत कोपऱ्यात गेले. ज्यांना तू एक, दोन, तीन दिले होतेस ते जवळजवळ सगळे आडवे पडले होते. मी वीस ठोंब उपटून पाहिले. एकही काडी मोडलेली नव्हती. मुळंच कललेली. तुझे आठ आणि नऊवाले शिपायांसारखे उभे. मी चिखलात उभी राहून मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही.

सत्तावीस तारखेला सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. एकाच भावंडाचे दोन वाफे शेताच्या दोन टोकांना होते, तुला ठाऊक नसताना. तू दोन्हीकडे जवळपास तेच आकडे दिलेस. कुठे सात-सात, कुठे सात-आठ. नकाशावर रेघ त्याच गुणसूत्राच्या त्याच टोकाशी उठली. प्रयोगशाळेतल्या बाई कधी नव्हे त्या टाळ्या वाजवायला लागल्या.

आत्या, इथवर सगळं गोड आहे. पण मी तुझं ऐकलं नाही. तिसरी वही शेजारी ठेवून बघितली. सगळं जुळतं, फक्त शेवटच्या पानावरचे बावीस वाफे जुळत नाहीत. तिथे पाच, सहा, पाच, सहा असं चाललंय. आता जे तुझ्या हाताने दोन ठरले त्यांनाही पाच, आणि नऊ ठरले त्यांनाही सहा. सरांच्याही ते लक्षात आलं. ते म्हणाले, “पाहा. मी अकरा वर्षांपूर्वी जे म्हणालो ते खरंच होतं.”

मी तुला हे विचारणार नव्हते. पण आता विचारते. काय झालं होतं?

ठिणगी

११ एप्रिल

ठिणगे,

विचारलंस ते बरं केलंस. अकरा वर्षं कुणीतरी नीट विचारील याची वाट बघत होते. त्याने विचारलं होतं, पण ते विचारणं नव्हतं. ते बोट दाखवणं होतं.

तिसऱ्या वर्षी यंत्र आलं. त्याच शेतात तो एका टोकाने यंत्र घेऊन निघाला, मी दुसऱ्या टोकाने हात घेऊन. कुणी शर्यत म्हटलं नव्हतं, पण सगळ्या बायकांना ठाऊक होतं. शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी कापणी ठरलेली. बावीस वाफे राहिले होते. वाकताना तोल गेला आणि मी वाफ्याच्या नंबराची पत्र्याची पाटी धरली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत तळहात उघडला. तुला जो व्रण ठाऊक आहे, विळ्याचा म्हणून सांगितलेला, तो तोच.

तेव्हाच सांगायचं होतं. “हात कापला, बावीस राहिले.” चार शब्द. पण मला दिसत होतं, तो काय म्हणेल. यंत्र कापत नाही, यंत्र दमत नाही. मी डोक्याचा रुमाल सोडून हात बांधला आणि डाव्या तळहाताने ढकलून पाहिलं. डावा मुका निघाला. काही म्हणजे काही कळेना. मी डाव्याच हाताने वहीत पाच लिहिलं. मग सहा. मग पाच. मनात म्हटलं, मधलेच आकडे आहेत, कुणाचं वाईट होणार नाही.

आठ दिवसांनी त्याने ते पान माझ्यासमोर धरलं. “हे खरं आहे का?” मी काय सांगणार? नाही म्हटलं तर सगळंच खोटं ठरणार. हो म्हटलं तर पुन्हा खोटं बोलायचं. बावीस खोटे आणि बाकीचे खरे, असं म्हणणाऱ्या मजूर बाईवर कुणी विश्वास ठेवला असता? मी गप्प राहिले. त्याने ‘निरुत्तर’ लिहिलं. बरोबरच लिहिलं.

त्याच्यावरच्या रागाचं मला काही वाटत नाही. तो राग चांगला आहे, त्याने माझी तब्येत धरून ठेवली. पण या बावीस वाफ्यांची मला लाज वाटते. घरात गुडघे सांगितले ते याचसाठी. बदलीचं सांगितलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

आता ऐक, आणि यात एक शब्द बदलायचा नाही. हे सगळं छापायचं. हात माझा, हे छाप. बावीस वाफे मी मनाने भरले, हेही छाप, आणि का भरले तेही. माझं पूर्ण नाव घालून. अर्धं खरं सांगून मिळणारा मान मला नको. तुझ्या साहेबाने ते बावीस झाकायला सांगितले तर त्याला म्हणावं, माझी चूक आहे, ती झाकायचा अधिकार तुला नाही.

हात बरा आहे. मोरी घासते, पाणी ओढते. विचारू नकोस.

आत्या

१० जुलै

आत्या,

आधी नकाशाचं. ते बावीस आकडे मी काढून टाकले आणि संगणकाला पुन्हा हिशेब करायला लावला. रेघ थोडी खाली येईल या भीतीने मी पडद्याकडे पाहतच नव्हते. बाईंनी माझा खांदा हलवला. रेघ वर गेली होती, आत्या! तुझे खोटे आकडे खऱ्या आकड्यांना खाली ओढत होते. ते गेल्यावर डोंगर आणखी टोकदार झाला.

पंधरा दिवसांनी सरांनी बोलावलं. अगदी गोड आवाजात. शोधनिबंध लिहू म्हणाले. मुळांच्या पकडीचा गुण, त्याची नकाशावरची जागा, सगळं. फक्त ‘हात’ हा शब्द नको. जुन्या वह्यांचा उल्लेख नको, म्हणजे बावीस वाफ्यांचाही प्रश्न येणार नाही. शेवटी आभारांत ‘क्षेत्र कर्मचाऱ्यांचे सहकार्य’. तुझं नाव नाही. आणि माझी नोकरी पक्की.

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“वार्षिक आढावा बैठक पुढच्या महिन्यात आहे. बाहेरची समिती येते. तुम्हाला काय मांडायचं ते मांडा. मी तुमच्या पाठीशी नसेन, एवढंच.”

मी म्हटलं, “पाठीशी नकोच, सर. समोर बसा.”

बोलून गेले आणि जिन्यात वाटलं, नोकरी गेली. पण गेले बैठकीला. मोठं टेबल, बारा माणसं, समितीच्या अध्यक्ष बाई पांढऱ्या केसांच्या, फार कडक म्हणून प्रसिद्ध. मी पहिला आलेख लावला तो यंत्राचा, सपाट. दुसरा लावला तुझा. वर ठळक अक्षरांत ‘हात’. कुणीतरी खुदकन हसलं.

अध्यक्ष बाईंनी विचारलं, “हा हात कुणाचा?”

“माझ्या आत्याचा.”

आता मात्र सगळेच हसले. मी थांबले. हसू ओसरल्यावर बंद पाकिटाची पद्धत सांगितली. वादळाचे फोटो दाखवले. आणि मग तिसऱ्या वहीचं शेवटचं पान मोठं करून लावलं. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, पाटी धरल्यापासून ‘निरुत्तर’पर्यंत.

सर म्हणाले, “ते बावीस वाफे मीच पकडले होते.”

अध्यक्ष बाई त्यांच्याकडे वळल्या. “बरोबर पकडलेत. आणि उरलेले एक हजार ब्याऐंशी?”

त्यांचा हात कंगव्याकडे गेला आणि खिशातच राहिला. मग म्हणाले, “ते मी तपासले नाहीत.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. तेही अकरा वर्षं एक पान धरून बसले होते.

निबंध जातोय. नावं तीन, तुझं, माझं आणि प्रयोगशाळेतल्या बाईंचं. बावीस वाफ्यांचा परिच्छेद आहे, तुझ्याच शब्दांत. मला समितीने दुसऱ्या केंद्रावर पाठवलंय, पुढच्या पेरणीपर्यंत, त्या गुणसूत्राचा तुकडा बुटक्या गव्हात आणायच्या कामावर. आणि तुला केंद्राकडून पत्र येईल. फेब्रुवारीत चार बायकांना हात शिकवायला या, असं. रागाच्या भरात फाडून टाकू नकोस.

ठिणगी

२ मार्च

ठिणगे,

फाडलं नाही. पण लगेच होही म्हटलं नाही. उत्तर लिहिलं, की माझ्या फाइलमधला कागद दुरुस्त करा, मग येते. त्यांनी कळवलं, तो कागद काढून टाकतो. मी लिहिलं, काढू नका. काढला तर माझी चूकही जाईल आणि तुमचीही. दुरुस्त करा.

सोमवारी कचेरीत गेले. तो स्वतः बसला होता, कारकुनाला उठवून. कागद पुढे ओढला आणि माझ्याकडे पाहिलं, काय लिहू म्हणून. मी सांगितलं, त्याने लिहिलं. “‘हात’ या रकान्यातील बावीस आकडे कर्मचाऱ्याने मनाने भरले, हे खरे. उरलेले एक हजार ब्याऐंशी न तपासता बाद केले, ही कार्यालयाची चूक.” त्याने सही केली. मग कागद माझ्याकडे फिरवला. मीही केली. तो काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. त्याला दोनदा बोलावं लागू नये असं वाटलं.

मग शेतात. चार बायका दिल्यात. तिघी मी सांगेन ते वेदवाक्य असल्यासारखं लिहून घेतात, त्यांचं काही खरं नाही. चौथी दातात काडी धरून उभी असते आणि सगळ्याकडे संशयाने बघते. आज एका वाफ्याला मी सात म्हणाले. ती म्हणाली, तीन. मी म्हटलं, सात. तिने माझं मनगट धरलं, मला खाली बसवलं, माझा तळहात मुळाशी नेऊन टेकवला आणि माझ्या कानात एवढ्या जोराने ओरडली की मळणीयंत्रही लाजावं, “बाई, तुम्ही चुकताय!”

मी पुन्हा ढकललं. सोडलं. माती हलली होती.

वहीत तिचा तीन लिहायला लावला. माझ्या समोर, माझ्या सातावर काट मारून.

आत्या